भरती कव्हय शे?

भादवा लागला आणि आईचं सुरू झालं. "सोनू, भरती कव्हय शे?" भरती कधी आहे म्हणे. ती ओट्यावर उभी, पदर कमरेला खोचलेला, नजर गल्लीच्या तोंडाशी. मी आत पलंगावर, मांडीवर स्पर्धा परीक्षेचं जाडं पुस्तक, डोकं पार त्यात गेलेलं. म्हटलं, "अजून जाहिरातच आली नाही गं."

"जाहिरातले काय चाटू? समिंदरनी भरती इचारी ऱ्हायनू मी, येडी!"

हा घोटाळा आमच्या घरात जुना आहे. सुरतच्या या लिंबायतमध्ये लोक दोन भरत्यांची वाट बघतात. एक पोरांची, सरकारी नोकरीची. एक आयांची, समुद्राची. पोरांना वाटतं ती एकदाची यावी, आयांना वाटतं ती एकदाची जावी. शब्द एकच, त्यामुळे आमच्याकडे कोण कशाबद्दल बोलतंय हे तोंडाकडे बघूनच ठरवावं लागतं.

बाहेरच्यांना वाटेल, समुद्र कुठे, लिंबायत कुठे! आमच्या गल्लीतून समुद्र दिसत नाही, दिसतात साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेंपो. पण आमच्या मागून खाडी जाते. पाऊस जोरात झाला की खाडी फुगते, आणि तिचं पाणी पुढे नदीत, समुद्रात जायला बघतं. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर? पुढून दार लावलेलं. मग ते पाणी मागे फिरतं आणि आमच्या ओट्यावर येऊन बसतं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. ओहोटी लागली की आपसूक उतरतं. म्हणून पाऊस किती पडला हे आम्ही कुणाला विचारत नाही, ते डोळ्यांना दिसतंच. आम्ही विचारतो, भरती कव्हय शे.

आणि विचारायचं कुणाला, तर मंदामावशीला.

मंदामावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. धुळ्याला बी.एस्सी. केलं, सरकारी नोकरीला लागली, लग्न होऊन इथे सुरतेतच, भेस्तानला आली. शहर संपतं तिथे, नदीच्या मुखाजवळ, हवामानाचं आणि समुद्राचं मोजमाप करणारं एक छोटं सरकारी केंद्र आहे. तिथली ती निरीक्षक. निरीक्षक हा शब्द ती असा उच्चारते की ऐकणाऱ्याला वाटावं पोलीस खात्यात आहे. नोकरीचा भयंकर तोरा तिला. लग्नात नवरीशी ओळख करून देतानासुद्धा "मी सेंट्रल गव्हर्न्मेंट" म्हणते, नाव नंतर. आणि साहेबाचा फोन आला की तीच मावशी उभी राहून बोलते, फोनवर कोण बघतंय तिला!

पण भादवा सांगायचा होता ना, राहूनच गेला. सुरतचा भादवा म्हणजे अर्धं अंग उन्हात, अर्धं पावसात. आषाढ-श्रावणात निदान ठरलेलं असतं की भिजायचंय. भादव्यात दहा पावलांवर ऊन असतं आणि आपल्या डोक्यावर धार. चामडी चिकचिकते. गल्लीत दोन्ही बाजूंनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू, खडाक खडाक खडाक, आणि दमट हवेत ओल्या सुताचा वास, थोडा खळीसारखा, थोडा कुत्र्याच्या पिल्लासारखा. कोपऱ्यावर गणपतीचा मांडव, त्यात खानदेशी मंडळाची पोरं ढोल घेऊन, आणि शेजारची गुजराती काकी म्हणते, "बेटा, आ भादरवानो तडको, रींगण जेवा थई जशो." वांग्यासारखे भाजून निघाल. खरंच निघतो. घामोळ्यांनी पाठ भरते, आणि तरी मला वर्षातला हाच महिना आवडतो. का ते आता सांगतेच.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी मावशी मला स्कूटीवर पुढे उभी करून केंद्रावर न्यायची. वाटेत कारखाने संपायचे, मग गांडा बावळची काटेरी झुडपं, मग एकदम चिखल. करडा, चकचकीत, जिवंत चिखल, खेकड्यांच्या भोकांनी भरलेला. दोन खोल्यांची बैठी इमारत, अंगणात झडपांची पांढरी पेटी, आत तापमापक. मला ती पेटी खुराड्यासारखी वाटायची, आत हवा पाळली आहे असं. मागे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि तिथे खांबाला लावलेली लांब पट्टी, आकडे रंगवलेली. पाणी पट्टीवर चढायचं, उतरायचं. मावशी छत्री घेऊन पायऱ्यांवर उभी राहून ते वाचायची. वाचन म्हणतात त्याला. मला फार गंमत वाटायची. पुस्तक वाचतात, तसं ही बाई पाणी वाचते!

पाणी उतरायला लागलं की पट्टीवर पाण्याच्या वर एक ओली रेघ दिसते. इथपर्यंत आलं होतं, आता मागे सरलंय, असं सांगणारी. मावशीने मला ती रेघ दाखवली होती. "बघ, समुद्र निघाला की आधी ही दिसते."

गल्लीतून फोन जायचे ते याच रेघेसाठी. सुरुवात आईने केली, मग शेजारणींनी नंबर घेतला, मग मंडळाची पोरं विसर्जनाची वेळ विचारायला लागली. मावशीचं उत्तर ठरलेलं. "थांब गं, बघून सांगते." फोन चालूच. मग तिच्या चपलांचा आवाज, दाराची कडी, वारा, बराच वेळ नुसता वारा. आणि मग ती सांगायची. पण आकडा कधीच नाही. आकडा सांगून आमच्या आयांना काय कळणार होतं? मावशीने गल्लीसाठी वेगळी मापं बनवली होती. लहान भरती असेल तर "चपलेची आहे", म्हणजे फक्त चपला ओट्यावरून उचला. त्याहून मोठी म्हणजे "गादीची". खालच्या गाद्या माळ्यावर टाका. आणि "फ्रिजची आहे" असं मावशी म्हणाली की गल्लीतले सगळे बापे लूम बंद करून घरी धावायचे, कारण फ्रिज एकट्या बाईला उचलत नाही. चपलेची, गादीची, फ्रिजची. समुद्रशास्त्र आम्ही एवढंच शिकलो आणि ते कधी चुकलं नाही.

आता काही वर्षांपूर्वीचा तो भादवा. माझं बी.एस्सी. नुकतंच झालं होतं. गणपती बसायच्या आधी मावशी आली आणि चहा न घेता पंख्याखाली बसली. मावशी चहा घेत नाही म्हणजे काहीतरी झालंय.

"केंद्र बंद करताहेत," ती म्हणाली. "विलीन म्हणे. दूरच्या मोठ्या केंद्रात. इथे मशीन बसवतील, ते आकडे आपोआप पाठवेल. मला तिकडे ऑफिसात टाकतील."

आई म्हणाली, "मशीन फोन उचलस का?"

मावशी हसली नाही. "मशीन चांगलंच असतं अक्का. ते रजा घेत नाही, त्याला ताप येत नाही. मी मशीनच्या विरोधात नाही." मग म्हणाली, "पण त्याच्याजवळ कुणी राहायला नको का?"

तिच्या बोलण्यातून एवढं कळलं की निर्णय अगदी पक्का झालेला नाही. अशी केंद्रं देशात बऱ्याच ठिकाणी बंद व्हायची होती, म्हणून खासदारांची एक समिती काही केंद्रं स्वतः बघायला निघाली होती. आमच्याकडेही येणार होती. मावशीला एकीकडे धडकी, एकीकडे तोरा. शिपायाची जागा कधीपासून रिकामी, मग चहा कोण देणार? "सोनू, तू चल. आणि माझी हिंदी सांभाळ."

मला तर उकळ्या फुटत होत्या! परीक्षेच्या पुस्तकात संसदीय समित्यांवर एक धडा आहे, तो मला तोंडपाठ होता. कार्यकारी मंडळावर देखरेख ठेवणे. वाक्य घडाघडा म्हणता यायचं, डोळ्यांपुढे काही म्हणजे काही यायचं नाही.

त्या दिवशी केंद्रावर कडक ऊन होतं आणि पूर्वेला, शहराच्या अंगाला, आभाळ काळं कुळकुळीत. भादवाच तो. मावशी पिस्ता रंगाची कडक साडी नेसून आली होती, केसांत मोगरा. गाड्या आल्या. समितीच्या अध्यक्षा वयस्कर बाई, केस पांढरे, पायात साध्या सपाता. समुद्रच नाही अशा राज्यातल्या. त्यांच्याबरोबर इतर खासदार, त्यांतले एक आपले मराठी, आणि खात्याचे एक तरुण अधिकारी, घामाने निथळत. मी चहा आणि खमण फिरवत होते. मावशी पट्टी दाखवून आली, पेटी दाखवून आली, सगळं छान चाललं होतं.

मग अध्यक्षाबाईंनी कप खाली ठेवला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत विचारलं, "यहाँ आख़िरी भर्ती कब हुई थी?"

मावशी ताडकन उभी राहिली. "अभी हुई मॅडम! आप चाय पी रहे थे तब."

 अध्यक्षाबाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते पांढरे पडले. बाईंनी पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, "किसकी हुई?"

"गद्दे की," मावशी म्हणाली.

मराठी खासदारांचा चहा नाकातून यायचा बाकी राहिला. ते एवढे हसले, एवढे हसले, की मला ट्रे खाली ठेवावा लागला, कारण मीही हसत होते. हिंदीत भर्ती म्हणजे नोकरीची, समुद्राच्या भरतीला तिकडे ज्वार म्हणतात. हे त्यांनी डोळे पुसत बाईंना समजावलं. "पण गादीची का, ते मात्र मलाही ठाऊक नाही," असं माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले.

मावशीचं तोंड लालबुंद. आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. स्क्रीनवर 'अक्का'. मावशीने कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मी मावशीकडे बघितलं, मावशीने माझ्याकडे. पूर्वेला आभाळ काळं होतं, म्हणजे लिंबायतमध्ये धो धो चालू असणार. आई ओट्यावर उभी असणार. आणि मावशी फोन कापत होती, कारण गल्लीला भरती सांगणं हे तिच्या कामात कुठेच नव्हतं. खात्याबाहेर माहिती परस्पर द्यायची नसते, हे तिला पक्कं माहीत होतं. बदली तर डोक्यावर होतीच, वर खासदारांसमोर ठपका कशाला? तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने फोन टेबलावर पालथा घातला. तो लाकडावर गुरगुरत राहिला.

"उठा लीजिए," अध्यक्षाबाई म्हणाल्या. "घर से होगा."

मावशीने उचलला. स्पीकर लावायची गरजच नव्हती. आयुष्य लूमशेजारी काढलेली माणसं हळू बोलत नाहीत.

"मंदे! कव्हयनी फोन लाई ऱ्हायनू मी, मरी गयी का व? पानी उंबराले लागनं! गादीनी शे का फ्रिजनी, ते सांग! तुन्हा दाजी घर नही, फ्रिज कोन उचली?"

 मावशीने फोन दोन्ही हातांनी झाकून धरला. मग मीच बोलले. माझी हिंदी पण काही फार भारी नाही, पण भडाभडा सांगून टाकलं. खाडी, समुद्राचं लागलेलं दार, चपलेची, गादीची, फ्रिजची. मधेच श्वास घ्यायला विसरले. अध्यक्षाबाईंनी मला एकदाही अडवलं नाही. मग हात पुढे करून फोन मागितला.

"बहनजी, नमस्ते. आप हमेशा यहीं पूछती हैं?"

"कौन बोल रहा?" आई कडाडली. "मंदा को देव ना फोन! इधर पानी आ रहा है, तुम बाद में बोलना!"

"जी," अध्यक्षाबाई म्हणाल्या. खरंच, एवढंच म्हणाल्या. फोन मावशीला परत दिला. "पहले इनको जवाब दीजिए. हम रुकते हैं."

मावशीने फोन कानाला लावला. "थांब अक्का, बघून सांगते."

आणि ती निघाली. चपला, कडी, वारा. जन्मभर मी जे फोनच्या या टोकाला ऐकलं होतं ते त्या दिवशी समोर बघितलं. पिस्ता साडीचा घोळ वर धरून मावशी पायऱ्या उतरली, तिच्यामागे अध्यक्षाबाई, मराठी खासदार, सगळे, त्या चिकट उन्हात, एकामागे एक. मावशीने पट्टीकडे बोट केलं. पाण्याच्या वर ओली रेघ होती, जेमतेम दोन बोटं रुंद, चमकत होती.

"उतरायला लागली अक्का. गादी तेवढी वर टाक. फ्रिज राहू दे."

"बरं शे," आई म्हणाली आणि धन्यवाद वगैरे काही न म्हणता फोन ठेवला. आईचं असंच.

अध्यक्षाबाई त्या रेघेकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "हमारे यहाँ नदी उतरती है तो दीवार पर ऐसी ही लकीर छोड़ती है." मग अधिकाऱ्यांना विचारलं, रागाने नाही, जसं आपण घरात विचारतो तसं. "यह बंद होगा, तो बहनजी को कौन बताएगा?"

अधिकारी तरुण होते, बिचाऱ्यांच्या सदऱ्याची पाठ पूर्ण भिजली होती. ते म्हणू शकले असते की माहिती ऑनलाइन मिळेल. ते म्हणाले, "मॅडम, इसका जवाब अभी मेरे पास नहीं है."

"तो ढूँढ़िए. तब तक हमें यही लिखना पड़ेगा कि जवाब नहीं है."

गाडीत बसायच्या आधी मी मराठी खासदारांना गाठलं. "सर, मग आता बंद नाही ना होणार?"

ते म्हणाले, "बेटा, आम्ही विचारू शकतो. अहवालात मांडू शकतो. कुलूप लावू नका असा हुकूम नाही देऊ शकत."

मी एवढी नाराज झाले! परतताना स्कूटीवर मागे बसून बडबडत होते, नुसतं विचारून काय होतं, एवढे मोठे लोक, एवढ्या गाड्या, आणि काय तर विचारणार!  लिंबायतच्या तोंडाशी आलो तर पाणी उतरलेलं. गल्लीभर गाळ, आणि भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओली रेघ, घरामागून घर, एकसारखी. आई झाडूने गाळ ढकलत होती. फ्रिज जागेवर होता. तिने मावशीला बघितलं आणि म्हणाली, "ती बाई कोन व्हती व? चांगली वाटनी. लगेच फोन दिधा."

मावशी जी हसायला लागली ती ओट्यावरच बसली. आणि मग हसता हसता तिला रडू आलं. आईने झाडू टाकला आणि तिच्याजवळ बसली. पदराने तिचे डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवत राहिली.

मराठीत विचारपूस असा एक शब्द आहे. लहानपणी मला वाटायचं पूस म्हणजे डोळे पुसणं. आधी विचारायचं, मग पुसायचं. चुकीचं आहे, मला माहीत आहे, पूस म्हणजेही विचारणंच. पण त्या संध्याकाळी ओट्यावर माझाच अर्थ बरोबर वाटला. आणि धड्यातलं 'देखरेख' तेव्हा जरा जरा कळलं. देख आणि रेख. कुणीतरी यावं, बघावं, विचारावं, आणि पाणी इथपर्यंत आलं होतं अशी एक रेघ राहावी. केंद्राचं दार ज्याला लावायचं तो लावेलही. पण विचारलं होतं याची रेघ राहते. ती पुसायची तर कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

केंद्र अजून उघडं आहे. वरून आलेल्या कागदावर 'तूर्तास' असा शब्द आहे. मावशी म्हणते, सरकारी तूर्तास कधी उद्या संपतो, कधी माणूस संपला तरी चालूच असतो. मशीन आलं, अंगणात बसलं, मावशी त्याची पण काळजी घेते, कबुतरं हाकलते. मात्र या दिवाळीला मावशी निवृत्त होतेय. तिच्या जागेची जाहिरात निघेल का, की तूर्तास तिच्याबरोबरच घरी जाईल, कुणाला ठाऊक नाही. निघाली तर मी अर्ज करणार. म्हणून हे जाडं पुस्तक, आणि म्हणून सकाळी आईला तसलं वेड्यासारखं उत्तर दिलं. माझ्या डोक्यात तीच भरती होती. आईच्याही डोक्यात तीच होती, म्हटलं तर; मावशीनंतर फोन कोण उचलणार, हेच ना?

आत्ता हे लिहिता लिहिता पाऊस वाढलाय. समोरच्या काकीने चपला उचलल्या. आई पुन्हा ओरडली, आणि या वेळी मी काही न बोलता फोन लावला. रिंग जातेय. अजून जातेय. पुढच्या भादव्यात ही रिंग कुठे वाजेल, पट्टीपासून लांब मावशीच्या घरात, की माझ्या हातात, की कुठेच नाही, असं काहीबाही मनात येतंय, आणि आई दारातून माझ्या तोंडाकडे बघतेय, कुठली भरती ते ओळखायला.

खट् झालं. वारा ऐकू आला.

"हां सोनू. थांब गं, बघून सांगते."